तार

ससून डॉकमागच्या बर्फाच्या कारखान्यात
बाबा कॉम्प्रेसर सांभाळायचे. हरेश्वर तांडेल, रात्रपाळी.
घरी यायचे ते डोळे लाल करून,
कपड्यांना मासळीचा नाही, अमोनियाचा वास.
आई म्हणायची, कोळ्याच्या पोटी जन्मून
दर्याला पाठ करून बसलाय हा.

मी सातवीत असताना त्यांनी मला आत नेलं.
"हा वायू," पाइपावर थोपटत म्हणाले,
"मोकळा सोडला तर नुसता पळतो.
दाबला की तापतो, चिडतो.
मग वरून पाणी सोडायचं, चीड उतरवायची,
दाब मात्र काढायचा नाही.
की झालाच त्याचा रस."
"मग?"
"मग बारीक भोकातून सोडून द्यायचा.
सुटल्याबरोबर त्याला परत वायू व्हायचं असतं,
आणि त्याला ऊब लागते. स्वतःकडे कुठली?
आजूबाजूची ओरबाडतो.
तीच आपली थंडी, तिच्यावरच आपला पगार."

मिठाच्या पाण्यात डबे गळ्यापर्यंत उभे होते.
खारं पाणी उणे दहालाही वाहत होतं,
डब्यातलं गोडं पाणी
कडेकडेने मुकं होत चाललेलं.
मधलं सगळ्यात शेवटी गोठतं.
गाळ, हवा, जे जे नको ते तिथे ढकललं जातं,
म्हणून लादीच्या पोटात पांढरं धुकं.

त्या रात्री कोपरा तुटलेली अर्धी लादी
त्यांनी दोन पिंपांवर आडवी टाकली.
वरून पोलादी तार, दोन्ही टोकांना
पापलेट तोलायची वीस-वीस किलोंची वजनं.
"बघत बस," म्हणाले, आणि गेजकडे गेले.

मी बघत बसले.
तार उतरत होती, पण सुरीसारखी नाही.
तिच्या खाली केसभर पाणी व्हायचं,
ती तेवढीच सरकायची,
आणि तिच्या मागे, ओझं उठल्या जागी,
तेच पाणी पुन्हा बर्फ.
पहाटे वजनं धाडकन फरशीवर.
तार आरपार गेली होती.
लादी अखंड.

रामसुमेरने ती आकडीने ओढली, क्रशरमध्ये लोटली,
कुठल्याशा ट्रॉलरच्या पंधरा दिवसांसाठी.

सुभान बोटीवरून परतला नाही, त्याला
त्यानंतर चार वर्षं झाली होती.
त्याच्या बोटीत बाबांच्याच पाळीचा बर्फ होता,
हे घरात कुणी कधी बोललं नाही.
बाबांनी एक पाळी चुकवली नाही.
आईने आठव्या दिवशी टोपली उचलली.
बायका म्हणाल्या, कसं सावरलं घर,
बघा, कुठे चीर नाही.

चीर नसतेच.
फक्त उजेडाकडे धरलं तर
तार गेलेल्या वाटेवर
बुडबुड्यांची एक फिकट रेघ दिसते.
बर्फ कोण उजेडाकडे धरतं?

आता मी परळच्या एका इस्पितळात
ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करते.
माझ्या यंत्रात पाण्याला शंभरावर सुटका नाही.
झाकण बंद, दाब वर,
उकळायचं लांबवत लांबवत तापत राहायचं.
काही जंतू साध्या उकळीला दाद देत नाहीत,
ते ह्यात मरतात.

मागच्या महिन्यात बाबा फुप्फुसं दाखवायला आले,
जिना चढून धापा टाकत माझ्या खोलीत.
"किती?" यंत्राकडे मान करून.
"पंधरा पौंड."
"म्हणजे एकशे एकवीस."
"एकशे एकवीस."

स्टुलावर बसले. सुईकडे बघत राहिले,
घड्याळाकडे बघावं तसे, बराच वेळ.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील,
तोंड उघडलंही त्यांनी.

मग दाराच्या कडेवरून बोट फिरवलं,
ओलं बोट मला दाखवलं,
म्हणाले, "इथून गळतंय.
गॅसकेट बदल."